फौंड्रीमालकाने विधानसभा लढवायची असेल तर

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. शिरोली औद्योगिक वसाहतीत तुमची फौंड्री आहे आणि घर कोल्हापूर शहरात, जुन्या पेठेत आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तुम्ही स्थलांतरित कुटुंबांच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय केली, तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल संघाला वर्षानुवर्षे मदत केली, शाळांना वस्तू दिल्या. आणि आता आसपासची माणसे २०२९ च्या विधानसभेला तुम्हीच उभे राहा, असे म्हणू लागली आहेत. सुरुवात कोठून करावी, पक्षातून लढावे की अपक्ष, पैसा किती लागतो आणि कारखान्याचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. वकिली करताना मी अनेक उमेदवारांचा निवडणूक प्रतिनिधी म्हणून काम केले आहे, त्यांचे अर्ज तयार केले आहेत आणि खर्चाच्या वह्या सांभाळल्या आहेत. त्या अनुभवावरून जे सांगता येते ते सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी जी गोष्ट सांगायची ती कायद्याची नाही. तुम्ही आजवर लोकांना देत आला आहात; निवडणूक लढवायची तर लोकांकडून घेण्याची सवय तुम्हाला करावी लागेल. त्यांचा वेळ, त्यांची नाराजी, त्यांचा सल्ला आणि त्यांच्या खिशातली शंभर रुपयांची वर्गणीसुद्धा मागावी लागेल. समाजकार्य करणारे जे उद्योजक मी निवडणुकीत उतरताना पाहिले, त्यांच्यातल्या बहुतेकांची अडचण येथेच होती. त्यांना नमस्कार करणारी माणसे हजारोंनी होती, पण त्यांच्यासाठी दिवसभर मतदान केंद्रावर बसणारी माणसे त्या प्रमाणात नव्हती. ज्याला आपण मदत केली तो कृतज्ञ असतो यात शंका नाही. परंतु त्याचे गावात दूध घालायचे ठिकाण ठरलेले असते, ऊस कोणत्या कारखान्याला जातो ते ठरलेले असते, भावकीचा कल ठरलेला असतो, आणि मागच्या निवडणुकीत ज्यांनी त्याला साथ दिली त्यांचा पैरा त्याला फेडायचा असतो. मतदानाच्या दिवशी तो त्या बांधिलकीबरोबर जातो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. तुमच्याकडून त्याने घेतले आहे, पण तुमच्या कामात त्याने स्वतःचे असे काही घातलेले नाही.

आपल्याच जिल्ह्यातले याच्या उलट उदाहरण पाहा. राजू शेट्टी २००४ मध्ये शिरोळमधून विधानसभेवर आणि २००९ मध्ये हातकणंगलेतून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा ऊस उत्पादकांनी त्यांना मताबरोबर वर्गणीही दिली. पुढच्या काळातील त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, ज्या शेतकऱ्याने उमेदवारासाठी स्वतःच्या खिशातून नोट काढली तो निकालापर्यंत त्या उमेदवाराचा राहतो, हे त्या निवडणुकांनी दाखवून दिले. तुमच्यासारख्या सधन माणसाला वर्गणी मागताना संकोच वाटेल आणि तुम्हाला कशाला पैसे पाहिजेत, असे लोकही म्हणतील. तरीही मागा. किती रक्कम जमली याला फारसे महत्त्व नाही; किती घरांनी दिली, ही संख्या मात्र तुमच्या उमेदवारीचा सर्वांत प्रामाणिक अंदाज देईल.

उद्योजकाला शहराने निवडून दिल्याचे अलीकडचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. चंद्रकांत जाधव हे उद्योजक आणि फुटबॉलप्रेमी म्हणून शहराला परिचित होते. २०१९ मध्ये ते काँग्रेसच्या उमेदवारीवर कोल्हापूर उत्तरमधून निवडून आले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव निवडून आल्या. हे उदाहरण सांगून पुष्कळ जण फुटबॉल संघाला मदत केली की पेठ आपली झाली असा निष्कर्ष काढतात, तो मला मान्य नाही. आपल्याकडे तालीम ही जिवंत संस्था आहे. तिचे पदाधिकारी असतात, ज्येष्ठांचा शब्द असतो, तरुणांच्या दोन पिढ्या असतात, शेजारच्या तालमीशी ईर्षा असते, आणि गणेशोत्सवापासून शाहू स्टेडियमवरच्या सामन्यापर्यंत कामाची वाटणी ठरलेली असते. तिथे जर्सीवर नाव छापून घेणारा एक असतो आणि सामना संपल्यावर जखमी खेळाडूबरोबर दवाखान्यात जाणारा दुसरा असतो. तुम्ही यांपैकी कोण आहात, हे तालमीला नेमके ठाऊक असते. एका तालमीचे आश्रयदाते म्हणून तुमची ओळख घट्ट झाली असेल, तर दुसऱ्या तालमीच्या गल्लीत ती आड येते, हेही आत्ताच लक्षात घ्या.

सुरुवात कोठून करावी, याचे माझे उत्तर असे आहे की पुढील दोन वर्षे असा एखादा सार्वजनिक प्रश्न हाती घ्या, जो तुमच्या पैशाने सुटू शकत नाही. पूरग्रस्तांना जेवण देणे हे पुण्यकर्म आहे आणि ते थांबवू नका. परंतु पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे जाऊ लागले की दरवेळी त्याच त्या गल्ल्या का रिकाम्या कराव्या लागतात, पूररेषेतील बांधकामांचे काय झाले, भराव टाकून उभारलेल्या रस्त्यांखालून पाणी जायला पुरेशी वाट आहे का, हे विचारणे हे आमदाराचे काम आहे. त्यासाठी कागद मिळवावे लागतात, अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा भेटावे लागते आणि ज्यांचे हितसंबंध दुखावतात त्यांची नाराजी घ्यावी लागते. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते, व्यापारी, रिक्षाचालक, तालमी आणि वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र आले आणि शासनाला टोल अखेर रद्द करावा लागला. आम्हा वकिलांची उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी अनेक दशके चालली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. या दोन्ही लढ्यांत राबलेल्या माणसांना हे शहर आजही नावानिशी ओळखते, आणि ती ओळख देणगीच्या फलकावरच्या नावापेक्षा फार काळ टिकते.

प्रश्न निवडताना एक काळजी घ्या. तुम्ही उद्योजक आहात, त्यामुळे वीजदर, औद्योगिक वसाहतींतले रस्ते, कुशल कामगारांची टंचाई हे विषय तुमच्या जिभेवर असतील. ते महत्त्वाचे आहेत आणि उद्योजकांच्या संघटना ते मांडतही असतात, पण पेठेतल्या मतदाराला ते कारखानदाराचे स्वतःचे प्रश्न वाटतात. उलट हद्दवाढीसारखा विषय घ्या. शहराला हद्दवाढ हवी आहे, भोवतालच्या अनेक गावांचा तिला विरोध आहे, तुमचे घर शहरात आहे आणि तुमचे कामगार त्या गावांतून येतात. तेथे तुम्हाला सर्वांना बरे वाटेल असे बोलता येणार नाही. आपली भूमिका उघडपणे मांडून विरोधकाच्या गावात चहा घेता येतो का, हे तुम्हाला तिथे कळेल. आमदार होऊ पाहणाऱ्या माणसाने ही परीक्षा उमेदवारीच्या आधीच दिलेली बरी.

त्याबरोबर एखादी लहान निवडणूक लढवा. पतसंस्था, सहकारी बँक, उद्योजक संघटना, शिक्षणसंस्था किंवा महापालिकेचा प्रभाग, कोणतीही चालेल. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या जोडण्या सहकाराच्या निवडणुकीत लागतात हे तुम्ही ऐकले असेलच. १९६३ मध्ये स्थापन झालेला गोकुळ दूध संघ किंवा जिल्हा मध्यवर्ती बँक यांच्या निवडणुकीत मतदान करणाऱ्यांची संख्या विधानसभेच्या तुलनेत नगण्य असते, पण ठराव, म्हणजे संस्थेच्या वतीने मत देण्याचा अधिकार, कोणाच्या नावे झाला, कोणत्या गटाने कोणत्या तालुक्यात कोणाला मदत केली, याचा हिशेब पुढे विधानसभेला मांडला जातो. तुम्ही या साखळीच्या बाहेर आहात. ती तुमची कमजोरी आहे तशीच काही मतदारांच्या दृष्टीने जमेची बाजूही आहे. मात्र बाहेर राहायचे असेल तर ते समजून उमजून राहा. मतदार यादीवर हरकत कशी घ्यायची, छाननीच्या वेळी काय बोलायचे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी सभासदांसमोर कसे जायचे, या गोष्टी लहान निवडणुकीत कमी किमतीत शिकता येतात.

आता कायद्याच्या ज्या भागाकडे उद्योजक सर्वाधिक दुर्लक्ष करतात त्याकडे वळतो. येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. वय २५ वर्षे पूर्ण असणे आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत मतदार असणे या अटी तुम्ही पूर्ण करता. खरा धोका लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९अ मध्ये आहे. राज्य शासनाला माल पुरवण्याचे किंवा शासनाने हाती घेतलेले काम पार पाडण्याचे, आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेले कंत्राट चालू असेल, तर ती व्यक्ती विधानसभेसाठी अपात्र ठरते. तुमच्या फौंड्रीतून एखाद्या शासकीय खात्याला झाकणे, पाइपांचे जोड किंवा सुटे भाग जात असतील, तर ते कंत्राट कोणाच्या नावावर आहे हे आजच तपासा. व्यवसाय एकल मालकीचा असेल तर कंत्राट सरळ तुमचे आहे. भागीदारी संस्थेला कायद्याने भागीदारांहून वेगळे अस्तित्व नसल्याने तेथेही धोका आहे. खासगी मर्यादित कंपनीची स्थिती वेगळी असते, तरीही मूळ कागद वकिलाला दाखवल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. तुमच्या बाजूचे काम पूर्ण झाले असेल आणि केवळ शासनाकडून बिल यायचे राहिले असेल, तर ते कंत्राट चालू असल्याचे मानले जात नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. पण काम पूर्ण झाल्याचा लेखी दाखला हाताशी असला पाहिजे, कारण छाननीच्या टेबलावर प्रतिस्पर्ध्याचा वकील तोच मागतो. कलम १० अन्वये, ज्या कंपनीच्या भांडवलात शासनाचा किमान २५ टक्के वाटा आहे तिच्या व्यवस्थापक किंवा सचिव अशा पदावर असलेली व्यक्तीही अपात्र ठरते. सहकारी संस्था मात्र त्यातून वगळलेल्या आहेत, आणि म्हणूनच साखर कारखान्यांचे अध्यक्ष बिनदिक्कत निवडणूक लढवताना आपण पाहतो.

दुसरा कागद म्हणजे नमुना २६ मधील शपथपत्र. त्यात तुमची, पत्नीची, अवलंबितांची आणि एकत्र कुटुंबाची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जे, शासकीय देणी, मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न आणि प्रलंबित फौजदारी प्रकरणे लिहावी लागतात. हे शपथपत्र सर्वांसाठी खुले असते. मालमत्ता लपवण्याचा विचार तुमच्या मनात नसेल याची मला खात्री आहे. चूक होते ती वेगळ्याच जागी. कारखान्याचा भोगवटादार म्हणून कारखाने अधिनियमाखाली दाखल झालेला खटला, प्रदूषणासंबंधीची तक्रार, पुरवठादाराने धनादेश न वटल्यावरून केलेली फिर्याद, अशी प्रकरणे मालकाच्या नावावर असतात आणि व्यवस्थापकाने परस्पर वकील दिलेला असल्याने मालकाला ती आठवतही नाहीत. ती शपथपत्रात न लिहिणे गंभीर आहे. कलम १२५अ अन्वये खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि प्रतिस्पर्ध्याला निवडणूक याचिकेसाठी आयते कारण मिळते ते वेगळेच. शिवाय फौजदारी प्रकरण प्रलंबित असलेल्या उमेदवाराला त्याची माहिती प्रचाराच्या काळात वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा प्रसिद्ध करावी लागते. जे खटले तडजोडीने किंवा दंड भरून संपण्यासारखे आहेत ते निवडणुकीच्या बऱ्याच आधी संपवा. शपथपत्रातील एकही रकाना कोरा ठेवू नका. जेथे सांगण्यासारखे काही नाही तेथे निरंक किंवा लागू नाही असे स्पष्ट लिहा, कारण कोऱ्या रकान्यांकडे लक्ष वेधल्यानंतरही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

पक्ष की अपक्ष, या प्रश्नावर माझे मत पक्षाच्या बाजूने आहे, पण ते विनाअट नाही. २०२४ च्या निवडणुकीत २८८ जागांपैकी केवळ दोन ठिकाणी अपक्ष निवडून आले, आणि त्यांतील एक, शिवाजी पाटील, आपल्या चंदगडचे. २०१९ मध्ये इचलकरंजीतून प्रकाश आवाडे आणि शिरोळमधून राजेंद्र पाटील यड्रावकर अपक्ष म्हणून जिंकले होते. त्या दोघांच्या मागे साखर कारखाने, वस्त्रोद्योग आणि सहकारी संस्थांचे दीर्घकाळ उभारलेले जाळे होते. तसे जाळे नसलेल्या अपक्षाची खरी अडचण वेळेची असते. २०२४ मध्ये अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, त्यानंतर अपक्षांची चिन्हे निश्चित झाली आणि १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी जाहीर प्रचार थांबला. नवे चिन्ह सुमारे तीन लाख मतदारांपर्यंत पोचवायला हाती आले ते फक्त दोन आठवडे. यंत्रावरच्या क्रमातही मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, नंतर नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, अशी रचना असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, तर अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून लागतात. अपक्ष म्हणून निवडून आल्यावर नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, सदस्यत्व जाते, हेही ध्यानात असू द्या. बाहेरून पाठिंबा देणे आणि पक्षात जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

पक्षाची उमेदवारी मात्र शेवटच्या क्षणापर्यंत तुमची नसते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत नमुना अ आणि ब, म्हणजे अधिकृत उमेदवारीची पक्षाची पत्रे, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले नाहीत, तर पक्षाची घोषणा असूनही तुम्ही पक्षाचे उमेदवार ठरत नाही. २०२४ मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले. काँग्रेसने आधी जाहीर केलेले नाव बदलले, नंतर अधिकृत उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी माघार घेतली, आणि इतक्या जुन्या पक्षाचे चिन्हच त्या मतदारसंघात राहिले नाही. ज्यांचे नाव आधी वगळले होते त्या अपक्ष उमेदवाराला पक्षाला पाठिंबा द्यावा लागला. म्हणून पक्षात जायचे असेल तर निवडणुकीच्या तीन महिने आधी गाडी भरून प्रवेश करू नका. दोन-तीन वर्षे आधी जा, वॉर्डातले काम घ्या, दुसऱ्याच्या प्रचारात चिठ्ठ्या वाटा आणि त्या पक्षाचा विचार तुम्हाला खरोखर मान्य आहे का हे स्वतःशी तपासा. केवळ निवडून येण्याची क्षमता म्हणून पक्ष ज्याला घेतो, त्याला ती क्षमता दुसऱ्याकडे अधिक दिसली की बाजूला ठेवतो.

पैशाविषयी मोकळेपणाने लिहितो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. अनामत १० हजार रुपये असते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५ हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत आणि विजयही झाला नाही तर ती जप्त होते. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि सर्व खर्च त्याच खात्यातून करावा लागतो. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला किंवा संस्थेला मिळून १० हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देता येत नाही. खर्चाच्या वहीत दैनंदिन हिशेब, रोकड आणि बँक असे तीन भाग असतात, प्रचारकाळात ती तपासणीसाठी न्यावी लागते, आणि प्रशासन तुमच्या सभांचे चित्रीकरण करून आपली समांतर नोंदवही ठेवते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर केला नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. यासाठी स्वतंत्र हिशेबनीस नेमा. कारखान्याचा लेखापाल त्या कामावर बसवू नका. कारखान्याचा टेम्पो प्रचाराला, कारखान्याचे डिझेल, कामाच्या वेळेत कामगारांची रॅली, कंपनीच्या खात्यातून मंडपाचे बिल, या सगळ्याची नोंद तुमच्या खर्चात होतेच, शिवाय कंपनी कायदा आणि प्राप्तिकराचे प्रश्न निर्माण होतात. तुमच्या कामगारांवर मतासाठी किंवा प्रचारासाठी दडपण येऊ देऊ नका. मालकाचा शब्द मोडणे त्यांना अवघड जाते, म्हणूनच ही जबाबदारी तुमची आहे. मतदानाच्या दिवशी त्यांना भरपगारी सुटी देणे हे कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहेच.

तुमच्या नावाने समाजकार्य करणारा न्यास असेल तर त्याचा पैसा आणि त्याचे व्यासपीठ निवडणुकीपासून पूर्णपणे अलग ठेवा. जे रक्तदान शिबिर, शालेय साहित्याचे वाटप किंवा हळदीकुंकू वर्षानुवर्षे निर्मळ मनाने होत आले, तेच निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराच्या छायाचित्रासह झाले की कलम १२३ खाली लाच या सदरात मोडू शकते. मर्यादेच्या कितीतरी पट खर्च केल्याशिवाय निवडणूक होत नाही, असे सांगणारी माणसे तुमच्याकडे येतील, आणि त्यांपैकी काही तुमच्या जवळची असतील. घरटी पाकिटे वाटून जिंकण्याचा हिशेब कोणी मांडला तर त्या बैठकीतून उठून या, एवढेच मी सांगेन. कायद्याचे भय हे एक कारण आहे, पण मला अधिक दुःख वेगळ्या गोष्टीचे होते. ज्या घराला तुम्ही पुराच्या वेळी मदत केली, त्याच घराचे मत तुम्ही विकत घेतले, तर आधीची मदतही विकत घेण्यासाठीच होती, असे त्या घराला वाटू लागते आणि वीस वर्षांचे चांगले काम त्याबरोबर जाते.

आता मतदान केंद्रांकडे येऊ. एका विधानसभा मतदारसंघात साधारण तीनशे केंद्रे धरा. प्रत्येक केंद्रासाठी त्याच भागातली किमान चार विश्वासू माणसे लागतात, म्हणजे बाराशे माणसे झाली. ही माणसे पगारी असून चालत नाही. साच्यातली माती नीट ठोकलेली नसेल तर वर कितीही चांगले लोखंड ओतले तरी काय होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. या माणसांनी यादी हाती घेऊन घरोघर जावे, मृत व स्थलांतरित नावे शोधावीत, नव्या मतदाराचा नमुना ६ आणि पत्ता बदललेल्याचा नमुना ८ भरून द्यावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा असल्याने हे काम वर्षभर चालू ठेवता येते. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी यंत्र तपासण्यासाठी किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते, त्या वेळी तुमचा प्रतिनिधी हजर असला पाहिजे, आणि संध्याकाळी त्याने नमुना १७क ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडता कामा नये. बाराशेपैकी आज तुमच्याकडे किती नावे आहेत, ती कागदावर लिहून पाहा. तुमचे कामगार त्यांत धरू नका. त्यांच्यातले पुष्कळ हातकणंगले तालुक्यातल्या गावांचे असतील, त्यांचे मत तुमच्या मतदारसंघात नाही, आणि हातकणंगले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

मतदारसंघाच्या बाबतीत आणखी एक अनिश्चितता गृहीत धरा. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली असून ती जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे. तुम्ही ज्या जागेवर लक्ष ठेवून आहात तिच्या सीमा किंवा आरक्षण बदलू शकते. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या महिलांना केवळ मेळाव्यापुरते न बोलावता निर्णयाच्या बैठकीत बसवा. उद्या ती जागा महिलांसाठी गेली आणि त्यांच्यातली एखादी सक्षम उमेदवार म्हणून उभी राहिली, तर तुम्ही तिच्या केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसाल का, याचे उत्तर तुमच्याकडे तयार असावे. त्या वेळी घरातल्याच महिलेचे नाव पुढे करण्याचा मोह फार मोठा असतो; ती स्वतः काम करत आली असेल तरच तो निर्णय योग्य ठरेल.

कारखान्याचे काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आमदाराने व्यवसाय करू नये असा कायदा नाही, परंतु कलम ९अ चे बंधन पूर्ण कार्यकाळ राहते, त्यामुळे निवडून आल्यावरही शासनाचे कंत्राट घेता येणार नाही. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, समित्यांच्या बैठका वेगळ्या, आणि कोल्हापुरात असाल त्या दिवशी सकाळी सातपासून दारात माणसे असतील. वर्षाला पाच कोटी रुपयांच्या स्थानिक विकास निधीची शिफारस करताना कोणत्या गल्लीला आधी आणि कोणत्या गल्लीला नंतर, हे तुम्हाला ठरवावे लागेल, आणि ज्यांना नंतर मिळेल ते तुमच्या जुन्या ओळखीचेच असतील. म्हणून येत्या वर्षभरात भट्टी, खरेदी आणि बँक हे तीनही व्यवहार तुमच्या सहीशिवाय चालतील अशी व्यवस्था करा आणि पुढे किमान सहा महिने कारखान्यात केवळ आठवड्यातून एकदा जाऊन पाहा. कर्जाला पत्नीची किंवा भावाची वैयक्तिक हमी असेल, तर त्यांना हे सगळे कागद दाखवून त्यांचा होकार किंवा नकार स्पष्टपणे घ्या. नकार असेल तर तो मान्य करा. हे झाले की शासकीय कंत्राटांची यादी, प्रलंबित खटल्यांची यादी आणि मतदान केंद्रनिहाय नावांची यादी घेऊन तुमच्या वकिलाकडे जा. पक्षांच्या कार्यालयांत जाण्याची वेळ त्यानंतरची आहे.